कतरन, कथरी आणि मंडल्याचा रस्ता

गोधडीसाठी नवं कापड विकत आणायचं, ही कल्पना आपल्या आज्यांना वेडगळ वाटली असती. लुगडं आधी नेसून विरायचं. मग त्यातला बरा भाग बाळाच्या दुपट्याला जायचा, अगदीच जीर्ण भाग चुलीपाशी हात पुसायला, आणि मधलं जे धड उरेल त्याचे थर एकावर एक पसरून त्यांवर धावदोरा पडायचा. विकत आणलाच तर काठाला लावायला थोडा लाल खारवा. आज मात्र गोधडी शिकायला बसलेल्या बायांचा पहिला प्रश्न टाक्यांचा नसतो. ‘कापड कुठून आणायचं?’ हा असतो. हे उलटं कसं झालं, ते मला कुठल्या पुस्तकात नाही, जबलपूरहून मंडल्याला जाणाऱ्या रस्त्यावर कळलं. त्या रस्त्याला लागायचं ठरलेलं नव्हतं. जायचं होतं ते फक्त बाजारात.

जबलपूर निवडायला कारण होतं. हे शहर बाहेर ओळखलं जातं ते भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांसाठी आणि तोफगाड्यांच्या कारखान्यासाठी. कापडाच्या व्यापाऱ्यांना मात्र ते सलवार-सूटचं गाव म्हणून माहीत आहे. गोहलपूर, हनुमानताल या जुन्या वस्त्यांत घरोघर शिलाई चालते, आणि लेमा गार्डन भागात रेडिमेड कपड्यांच्या लहान कारखान्यांचं एक क्लस्टरच उभं राहिलं आहे. जिथे हजारो सूट बेतले जातात तिथे कतरनही निघणारच. शिवाय आत्या गोलबाजारात राहते. मराठी माणसाला जबलपूर तसं परकं नाही. 1781 मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचं राज्य घेतलं, पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि 1817 मध्ये इंग्रजांकडे. नोकरी-व्यवसायाने आलेली घरं त्यानंतरही येत राहिली. या शहराला ‘संस्कारधानी’ म्हटलं तेही विनोबांनी, असं इथले लोक अभिमानाने सांगतात. आत्याच्या मराठीत आता निम्मी हिंदी आहे, पण पुरणात जायफळ आहे.

कापडाशी या गावाचा जुना संबंध थोडा भीषण आहे. इंग्रज अधिकारी स्लीमनने ठगांचा बंदोबस्त केला तो इथूनच. माफीचे साक्षीदार झालेले ठग आणि त्यांच्या बायकामुलांसाठी 1837 मध्ये जबलपुरात उद्योगशाळा काढण्यात आली. तिथे ते विणायला शिकले, तंबू आणि गालिचे करू लागले. रुमालाने गळे आवळणाऱ्या हातांनी पुढे तंबूचं कापड विणलं, आणि ते तंबू सरकारी साहेबांच्या दौऱ्यांना गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राजा गोकुळदासांच्या नावाची सूतगिरणीही इथे होती. आता तंबू गेले, गिरणी गेली. सूट आहेत.

कमानिया गेट हे 1939 च्या त्रिपुरी काँग्रेसचं स्मारक. त्याच्या आसपास, बडा फुहारा आणि अंधेरदेवच्या गल्ल्यांत कापडाचे तागे उभे असतात. इथे आधी थोडं थांबलं पाहिजे, कारण गोधडीचं कापड निवडणं हे ब्लाउजपीस निवडण्यापेक्षा वेगळं काम आहे. ब्लाउजला रंग आणि शोभा बघतात. गोधडीला बघायचं ते पोत, कारण सुई हाताने तीन-चार थरांतून हजारो वेळा आरपार जायची असते. घट्ट विणीचं पॉपलीन दिसायला स्वच्छ, पण चार थर झाले की बोट दुखवतं. मलमल सुईला लोण्यासारखी, पण एकेरी लावली तर टाका ओढताना विरविरते. हातशिलाईला केंब्रिक किंवा मध्यम पोताचं साधं सुती सगळ्यांत सोयीचं. सुताचा नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. एका पौंड वजनात 840 वारांच्या किती लडी बसतात, त्यावरून तो नंबर ठरतो. दुकानदाराला नंबर विचारला तर तो दचकतो, पण मग माल खरा दाखवतो.

नव्या कापडाला खळ असते. बोटांत चोळलं की पांढरी पूड सुटते, तेवढी पारख पुरे. खळ धुवून गेल्याशिवाय कापडाचा खरा पोत कळत नाही, आणि त्याच पहिल्या धुण्यात सुती कापड शेकडा तीन ते पाच आटतं. म्हणून कापड आधी धुवायचं, मग कापायचं. न धुता शिवलं तर वरचा थर आटतो, सिंथेटिक अस्तर आटत नाही, आणि पहिल्या धुण्यानंतर गोधडीभर चुण्या पडतात. रंग जातो का हे बघायला पांढरं फडकं ओलं करून कापडावर दाबून घासा. फडक्यावर लाल उतरला तर तो तागा तिथेच ठेवा. मिठाच्या पाण्यात बुडवलं की रंग पक्का होतो, असं घराघरांत सांगतात. आजच्या रासायनिक रंगांच्या बाबतीत ते खरं नाही. जो जास्तीचा रंग धाग्याला चिकटलेलाच नाही, तो धुवूनच काढावा लागतो.

सुती कापड बाजारात मिळत होतं, पण ज्या भावाने मिळत होतं त्या भावात तयार रजाई घरी येते. म्हणून आत्या म्हणाली, “अगं, इथे कशाला पैसे घालतेस? गोहलपूरला चल ना. तिकडे कतरन तोलून देतात.”

गोहलपुरात कतरन खरंच किलोवर मिळते. गोण्याच्या गोण्या, रंगांचा नुसता दंगा. पण दोन अडचणी होत्या. पहिली कापणीची. सूटच्या कतरनी म्हणजे बगलेच्या चंद्रकोरी, गळ्याचे गोल, सलवारीच्या तिरक्या पट्ट्या. कापड उभ्या धाग्याच्या दिशेने जवळजवळ ताणत नाही, आडव्या धाग्याने थोडं ताणतं आणि तिरकं, म्हणजे उरेब, सर्वांत जास्त. शिंपी याच गुणाने गळ्याला उरेब पट्टी लावतो. पण गोधडीच्या ठिगळाची कड उरेब असली की शिवता शिवता चौकोनाचा पतंग होतो. कतरन घेतली तर तिच्यातून धाग्याच्या सरळ रेषेत नवा तुकडा कापून काढावा लागतो, आणि मग किलोत घेतलेलं निम्मं पुन्हा कतरनच उरतं.

दुसरी अडचण मोठी. तराजूपाशी बसलेल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी न विचारता एक चिंधी उचलली, काडी ओढली आणि पेटवली. सुती कापड जळताना कागद जळाल्याचा वास येतो आणि मऊ राख उरते. ही चिंधी वितळली, आखडली, आणि टोकाला काळा, कडक मणी झाला. “दीदी, प्योर कॉटन मत ढूंढो. सब मिक्स है.” मग त्यांनीच सांगितलं की जाड, अस्सल सुती लुगडं बघायचंच असेल तर मंडल्याच्या बाजूला पनिका विणतात, अजून थोडे विणतात. आत्याच्या ओळखीतली एक गाडी त्याच सकाळी मंडल्याला निघालेली होती. डबा नाही, शाल नाही, आम्ही बसलो.

या मुलखात रेंगाळत फिरण्याची परंपरा चांगली आहे. खुद्द स्लीमन 1835 च्या नोव्हेंबरात जबलपूरहून निघाला आणि महिनोन्‌महिने उत्तरेकडे जात राहिला. त्या प्रवासाचं त्याचं पुस्तक 1844 मध्ये निघालं, आणि ते सुरू होतं नर्मदाकाठच्या जत्रेपासून. ठगांचा कर्दनकाळ असलेला हा माणूस पिकं, झाडं, अफवा, भुतं अशा सगळ्यांवर लिहितो. नुसती गुन्ह्यांची टिपणं करून गप्प बसला असता तर आज कोणी वाचला नसता.

थंडीचे दिवस होते. जबलपूरभोवती या दिवसांत मटारच मटार. पाटण, शहपुरा, पनागर, सिहोऱ्याकडचा मटार देशभर जातो, आणि शहराबाहेर पडताना हिरव्या पोत्यांनी लादलेल्या गाड्या एकामागून एक येत राहतात. मंडल्याचा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 30. तो पुढे छत्तीसगडात रायपूरला उतरतो. बरेला गावाच्या पुढे राणी दुर्गावतीची समाधी आहे. 24 जून 1564 रोजी आसफखानाच्या मोगल फौजेशी लढताना ती जखमी झाली आणि हाती लागण्यापेक्षा तिने स्वतःला संपवलं. इथून जाणारा वाटसरू जवळपास सापडेल तो सर्वांत चकचकीत गारगोटीचा खडा समाधीवर ठेवतो, असं स्लीमनने नोंदवून ठेवलं आहे. आत्याने गाडी थांबवायला लावली, एक खडा शोधला, ठेवला. पुढे सागाची झाडी सुरू झाली.

गोधडीबद्दल मला जे कळलं ते बीजाडांडीच्या पुढे, रस्त्याकडेच्या घरांसमोर. शेणाने सारवलेल्या अंगणांत खाटा उभ्या करून त्यांवर कथऱ्या वाळत घातलेल्या होत्या. आपली गोधडी तीच इकडची कथरी. जुन्या साड्यांचे थर, आडवे धावदोरे, काठाला कसलाही सोस नाही. लांबून सुंदर दिसतात. जवळ जाऊन एका बाईंच्या परवानगीने हात लावला तर बोटांना थंड, गुळगुळीत लागलं. वरून खालपर्यंत सिंथेटिक साड्या. बाईंनी सांगितलं की ही कथरी फाटत नाही, फार टिकते, पण “पसीना नहीं सोखती”, आणि म्हातारी माणसं तिच्यात झोपायला नाखूश असतात.

त्या एका वाक्याला प्रयोगशाळेचा आधार आहे. नेहमीच्या हवेत कापसाचा धागा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिएस्टरचा धागा अर्धा टक्कासुद्धा नाही, सुमारे 0.4. झोपेत अंगातून निघणारी वाफ सुती थर पिऊन घेतो आणि सकाळी उन्हात टाकला की सोडून देतो. पॉलिएस्टरच्या थरात ती वाफ अडकते. रात्री उबदार, पहाटे चिकट. आणखी एक गोष्ट आहे. सुती कापड वापराने विरतं म्हणजे नेमकं काय होतं? धुण्या-चोळण्याने त्यातले आखूड तंतू निघून जातात, खळ तर केव्हाच गेलेली असते, विणीत मोकळेपणा येतो आणि कापड पातळ, मऊ होतं. अशा पाच-सहा पातळ थरांत हवा अडकते आणि ती हवाच ऊब धरते. जाड नव्या कापडाचे दोन थर वजनाने तेवढेच भरले तरी तेवढी ऊब देत नाहीत, आणि सुईला तर छळतातच. थोडक्यात, गोधडीला लागणारं कापड कारखान्यात तयार होत नाही. ते अंगावर तयार होतं, आणि त्याला काही वर्षं लागतात.

तसं कापडच आता घराघरांत तयार होईनासं झालं आहे. हे हळूहळू घडलं. पॉलिएस्टरचा शोध 1941 चा, इंग्लंडातला. आपल्याकडे टेरिलीन, टेरीकॉट साठच्या दशकात शर्टा-पँटींत आलं आणि ते मिरवायचं कापड होतं. साडीत ते मुसंडी मारून आलं नंतर. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. ज्या गिरण्यांची पातळं महाराष्ट्रातल्या बायका वर्षानुवर्षं नेसत होत्या, त्यांतल्या बऱ्याच पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळीक दिली, आणि सुरतेच्या यंत्रमागांनी स्वस्त, न चुरगळणारी, पटकन वाळणारी साडी देशाच्या आठवडी बाजारांत पोचवली. ज्या बाईला रोज पाणी वाहायचं, शेतात जायचं, तिने ती साडी का घेऊ नये? धुवायला सोपी, इस्त्री नको, पाच वर्षं टिकते. दोष तिचा नाही. पण त्या साडीची गोधडी होत नाही. महाराष्ट्रात आता मालेगाव-इचलकरंजीची सुती नऊवारी नेसणाऱ्या आज्या मागे पडत चालल्या, तसा गोधडीचा कच्चा मालही आटत गेला. गोधड्यांचं कौतुक वाढलं तेव्हाच.

जुन्या कपड्यांवर जगणाऱ्या गोधड्या जगभर आहेत. उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी बाया कवंदी शिवतात, कडेकडून आत येत, मध्याला संपवत. अमेरिकेत अलाबामातल्या गीज बेंड या लहानशा वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया नवऱ्यांचे शेतातले विरलेले कपडे जोडून थंडी काढत होत्या. 1972 मध्ये सीअर्स या मोठ्या दुकानसाखळीने तिथल्या बायकांना कॉर्डरॉयचे उशांचे अभ्रे शिवायचं काम दिलं, आणि त्या कामाची उरलेली कॉर्डरॉय त्यांच्या गोधड्यांत उतरली. पुढे 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात त्या गोधड्या भिंतीवर लागल्या तेव्हा समीक्षकांनी त्यांत आधुनिक चित्रकला पाहिली. मला त्यात दिसते ती कामाची कतरन, गोहलपूरच्या गोण्यांतली. फरक इतकाच की कॉर्डरॉय सुती होती.

मंडल्याच्या अलीकडे एका गावात माग सापडला. पनिका हे या भागातले परंपरेने विणकर, बहुतेक कबीरपंथी. रसेल आणि कटनी-मुडवाऱ्याचे हिरालाल यांनी 1916 मध्ये मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर जे चार खंड काढले त्यांत त्यांची नोंद आहे. गोंड आणि बैगा बायांसाठी जाड सुताचं, गुडघ्यापर्यंत नेसायचं लुगडं पनिका विणत आले. पांढऱ्या-बदामी अंगावर तांबड्या रेघांचे काठ. पूर्वी असा तांबडा रंग देशात आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांतून निघायचा. बुंदेलखंडात आलाची लागवड होती, तिथल्या लाल खारव्याचा व्यापार होता, आणि आपल्याकडे विधवांच्या नशिबी आलेलं आलवणही याच रंगाचं. जर्मनीत 1869 मध्ये अलिझरीन हा लाल रंग कृत्रिमरीत्या तयार झाला आणि आलाची शेती मोडली. ओडिशातल्या कोटपाडच्या विणकरांनी मात्र आलाचा रंग अजून सोडलेला नाही. 2005 मध्ये कोटपाडला भौगोलिक मानांकनही मिळालं.

विणकराने दाखवलेलं लुगडं हातात घेतलं तर वजन जाणवलं. वीण घट्ट, सूत जाड. गोधडीच्या वरच्या थराला ते निरुपयोगी, कारण चार थर झाले की सुई मोडेल. खालचं अस्तर म्हणून एकच थर घातला तर मात्र गोधडी पिढीभर हलणार नाही. आणि दहा वर्षं नेसून झाल्यावर? विणकराच्या घरातली जुनी कथरी त्याचं उत्तर होती. जाड सूत विरून मऊ झालेलं, रेघा पुसट, आणि थरांतून टाका अलगद गेलेला. विकत मागायचं मनात आलं होतं. मागितली नाही. तिच्याखाली कोणीतरी झोपत होतं.

मी एक नवं लुगडं घेतलं, अस्तरासाठी. मंडल्यात नर्मदा गावाला वळसा घालून जाते आणि समोर महाराजपूरला बंजर तिला मिळते. ते बघण्याएवढाच वेळ उरला होता. रामनगरचा हिरदेशाहचा महाल, ज्याच्या शिलालेखात गोंड राजांची वंशावळ कोरलेली आहे, राहूनच गेला. पूर्वी जबलपूरहून नैनपूरला छोटी गाडी जायची. ती नॅरोगेज 2015 मध्ये बंद होऊन रुंद रूळ आले आणि आता तिचा संसार नैनपूरच्या संग्रहालयात आहे. परतीला आम्हाला बस मिळाली. रात्री आत्याने भाकरी थापल्या आणि गोहलपूरच्या कतरनीची पिशवी जमिनीवर ओतून माझ्याबरोबर काडी पेटवत बसली. जे वितळलं ते बाजूला, जे जळालं ते माझं. माझा ढीग बराच लहान निघाला.

जबलपूरला कापड घ्यायला जाणार असाल तर एवढं करा. बडा फुहाऱ्याच्या बाजूला केंब्रिक किंवा मऊ सुती घ्या, पन्हा विचारून घ्या, कारण 36 आणि 44 इंचांत गोधडीच्या हिशेबाला मोठा फरक पडतो. एका माणसाची गोधडी साधारण पाच बाय सात फूट धरा. कतरन घ्या ती रंगासाठी, आणि काडी जवळ ठेवा. मंडल्याकडे गेलात तर पनिकांचं लुगडं अस्तराला जरूर घ्या आणि भावात घासाघीस करू नका. आणि सर्वांत आधी, प्रवासाला निघण्यापूर्वी, घरातलं कपाट उघडा. आईची, सासूची, आजीची एखादी सुती साडी विरायला आलेली असेल. ती बोहारणीला देऊन स्टीलचं पातेलं घेऊ नका. तसं कापड आता दुकानात मिळत नाही.